एकटीची नोंद

गिरणीत तिला सगळे भिंग म्हणायचे. तोंडावर भिंगबाई, पाठीमागे नुसतं भिंग. तपासणी खात्यात काचेच्या टेबलाखाली दिवे असत, वरून कापड सरकत जाई आणि ती उभ्याने बघत राही. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की खडूची रेघ. सत्तावीस वर्षं तिने हेच केलं. नव्या बायका कामाला लागल्या की मुकादम त्यांना बजावायचा, "भिंगबाईंनी पास केलेल्या ताग्यात खोट दिसली, तर आधी स्वतःचे डोळे दाखवून या." ती हसायची नाही, पण ते वाक्य तिला आवडायचं.

लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही याची कारणं नातेवाइकांनी आपापल्या सोयीने लावून टाकली होती आणि तिने त्यातलं एकही खोडून काढलं नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आणि आई. वर मोकळी गच्ची. सात वर्षांनी लहान असलेली बहीण लग्न होऊन ऐंशी किलोमीटरवरच्या गावात गेली होती, तिथल्या शाळेत भूगोल शिकवायची. धाकटी बोलकी, हौशी, एका वेळी चार गोष्टींच्या मागे लागणारी. आकाश बघणाऱ्यांच्या मंडळाचं खूळ तिनेच आणलं.

"ताई, चल ना. रविवारी घरी बसून काय तागे मोजणार आहेस?"

मंडळ कसलं, निवृत्त प्राध्यापकांच्या दिवाणखान्यात जमणारी दहा-बारा माणसं. त्यांना सगळे सर म्हणत. सरांचा जीव एकाच गोष्टीत होता. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे उल्का जळत जळत येत नाही. दगड सरळ येऊन आदळतो आणि आदळला की पापणी लवायच्या आत एक चमक उठते. कोर लहान असताना चंद्राचा जो भाग अंधारात असतो, तिथे ती दुर्बिणीतून टिपता येते. दुर्बिणीला कॅमेरा लावायचा आणि तास-दीड तास त्या राखाडी अंधाराचं रेकॉर्डिंग करायचं. एका सेकंदात पंचवीस चित्रं, म्हणजे तासाची नव्वद हजार. त्यातल्या एका-दोन चित्रांत एक ठिपका असला तर असला.

त्या पहिल्या रविवारी सरांनी दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग दाखवलं. "यात एक चमक आहे. संगणकाने शोधलीय. बघा कोणाला दिसते का."

इतरांना काहीच दिसलं नाही. भिंगबाई म्हणाली, "दोन आहेत."

सर हसले. मग मागे जाऊन एकेक चित्र बघितलं. दोन होत्या. सरांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "बाई, तुम्ही काय करता?"

"कापड बघते."

धाकटीला बहिणीचा केवढा अभिमान वाटला! घरी जाताना बसमध्ये ती तीनदा म्हणाली, "सरांचं तोंड बघितलंस का गं?"

सरांनी दोघींना एकेक दुर्बीण दिली, एक गच्चीवर, एक धाकटीच्या अंगणात. दोन का, तेही समजावून सांगितलं. आकाशात शेकडो उपग्रह फिरताहेत. त्यातला एखादा नेमका चंद्रासमोरून जाताना उन्हात चमकला, तर चंद्रावरच चमक उठल्यासारखी वाटते. पण ऐंशी किलोमीटरवरून बघणाऱ्याला तो उपग्रह तिथे दिसत नाही, तो बाजूला सरकलेला असतो. चंद्रावरचं मात्र दोघांनाही त्याच क्षणी, त्याच जागी दिसतं. "एकाला दिसलं तर ते दिसलं," सर म्हणत, "दोघांना दिसलं तर ते घडलं." एकाच ठिकाणाहून आलेली चमक ते वहीत वेगळ्या पानावर लिहीत. त्या पानाचं नाव एकट्याच्या नोंदी.

मग चार वर्षं छान गेली. अमावास्येनंतरचे तीन-चार दिवस दोघींच्या संध्याकाळी ठरलेल्या. अंधार पडू लागला की फोन. "ढग?" "नाहीत. तुझ्याकडे?" "चाललंय." दुसऱ्या दिवशी भिंगबाई गिरणीतून येऊन रेकॉर्डिंग बघायला बसे. चार वर्षांत दोघींच्या मिळून नऊ चमका पक्क्या झाल्या. सरांच्या वहीत दोघींची नावं शेजारी शेजारी लागत. लहानपणी अंथरुणं लागायची तशी, असं धाकटी म्हणायची.

पाचव्या वर्षी आई खचली. हृदय थकलं होतं, पायांवर सूज, चार पावलं चाललं की धाप. दिवसा शेजारची बाई बघायची. गिरणी सुटली की भिंगबाई. गच्चीवर जायचे दिवस तिने कमी केले, बंद केले नाहीत. आईही कधी काही म्हणाली नाही. म्हणाली ती एकदाच.

अमावास्येनंतरचा चौथा दिवस होता. त्या आठवड्यात उल्का नेहमीपेक्षा जास्त पडणार, चुकवू नका, असं सरांनी सगळ्यांना कळवलं होतं. तिने आईला भात भरवला, औषध दिलं, उशी नीट केली.

"आज वर नको जाऊस," आई म्हणाली.

"का गं? काही होतंय का?"

"होत काही नाही. उगाच."

"साडेसातला खाली येते. आत्ता पावणेसात झालेत. पाऊण तास."

आईने भिंतीकडे तोंड केलं. ते रागाने की झोप आली म्हणून, याचा विचार भिंगबाईने पुढे इतक्या वेळा केला की शेवटी आईचं तोंड कसं होतं तेच आठवेना.

सात वाजून सव्वीस मिनिटांनी समोरच्या पडद्यावर चमक झाली. रेकॉर्डिंगमध्ये शोधायचीसुद्धा गरज नव्हती. नुसत्या डोळ्यांना दिसली, अंधाऱ्या भागाच्या मधोमध, टपोरी. एवढी मोठी मंडळात कोणीच टिपली नव्हती. तिने हातातला रुमाल खाली टाकला आणि धाकटीला फोन लावला.

"बघितलंस?"

"काय? मी कुंडीला पाणी घालत होते. काय झालं?"

"अगं, सात सव्वीस! एवढी मोठी!"

"खरंच? थांब, माझं चालूच आहे, रेकॉर्डिंगमध्ये असणारच. कुठे झाली? वर की खाली? सांग ना नीट."

तिने नीट सांगितलं. धाकटीने परत विचारलं, तिने परत सांगितलं. साडेसात होऊन गेले. "मी आता खाली जाते," ती म्हणाली, तर धाकटी म्हणाली, "अगं, आणखी दहा मिनिटं थांब. आज झाली तर आजच होईल अजून एखादी. आईला काय, झोपलीच असेल." ती थांबली. दोघी फोनवर बोलत राहिल्या, सरांना आत्ताच सांगायचं की रविवारी चकित करायचं, इथपर्यंत.

आठ वाजून दहा मिनिटांनी ती खाली आली. आई पलंग आणि मोरीचं दार यांच्या मधे पडली होती. एक हात पुढे, उंबऱ्यावर. अंग अजून गार झालेलं नव्हतं. डॉक्टर आले, तपासलं, घड्याळाकडे बघून म्हणाले, "पाऊण तास झाला असेल. तेव्हा जवळ कोणी असतं तर..." आणि मग चांगला माणूस असल्यामुळे वाक्य अर्धंच ठेवलं.

धाकटी साडेदहाला नवऱ्यासोबत पोचली. दारातच तिने विचारलं, "तू साडेसातला खाली येणार होतीस ना?"

भिंगबाईच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं. धाकटीचा नवरा उभा होता, मावशी होती, शेजारी होते. "चुकलं माझं," एवढंच म्हणाली.

"चुकलं?" धाकटी म्हणाली. "भाताला मीठ जास्त पडलं की चुकलं म्हणतात, ताई."

मावशीने ते ऐकलं, शेजाऱ्यांनी ऐकलं. त्या वाक्याला पुढे पाय फुटले.

तीन आठवड्यांनी सरांचा निरोप आला, दोघींचं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पाठवा. भिंगबाईने आपलं पाठवलं. आठ दिवसांनी धाकटीची दोन ओळींची चिठ्ठी आली, त्या रात्रीनंतरची पहिली आणि पुढच्या नऊ वर्षांतली शेवटची. 'त्या संध्याकाळचं माझं रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. पुन्हा त्याबद्दल विचारू नकोस.'

सरांनी वही उघडली आणि ती चमक वेगळ्या पानावर लिहिली. सात सव्वीस, एकटीची नोंद.

आईचं दुःख भिंगबाई आतल्या आत सोसत होती. हे मात्र तिला सोसेना. ती भेटेल त्याला सांगू लागली. "पुसून टाकलं हो! माझ्यावरच्या रागाने. माझं नाव व्हायला नको म्हणून." मावशीला सांगितलं, मामेभावाला सांगितलं, मंडळात सांगितलं. गिरणीतल्या बायकांना चंद्राचं काही कळत नव्हतं, पण बहिणीचा हेवा कळत होता. त्यांनी माना डोलावल्या. फक्त फोनवर काय बोलणं झालं आणि कोण कोणाला थांब म्हणालं, ते तिने कोणालाही सांगितलं नाही. जिभेवर यायचं, ती ओठ मिटून घ्यायची. तेवढं तरी धाकटीसाठी केलं, असं तिला वाटायचं, आणि तसं वाटल्यामुळे बाकीचं बोलायला तिला मोकळीक मिळायची.

धाकटीने दुर्बीण मंडळाला परत केली. भाचीच्या लग्नाची पत्रिका आली नाही. भिंगबाईचं गच्चीवर जाणं चालू राहिलं. जोडीला आता लांबच्या गावचा एक पोस्टमास्तर होता, सज्जन आणि कंटाळवाणा. त्याच्यासोबत अकरा पक्क्या झाल्या, सगळ्या बारीक. तिच्या लेखी त्या हिशेबातच नव्हत्या. तिने सात सव्वीसचं चित्र छापून घेतलं होतं. ते कपाटात साड्यांच्या घडीत असायचं. कधीतरी बाहेर काढून बघायची. आई गेली ती गेलीच. पण मी वर रिकामी बसले नव्हते. कोणी पत्ते खेळत असतं, कोणी गप्पा छाटत असतं, आणि आई जाते. मी जे बघितलं ते कोणी बघितलं नव्हतं. या एका वाक्यावर तिने नऊ वर्षं काढली.

मधल्या काळात गिरणीने कापड तपासायला कॅमेऱ्याचं यंत्र आणलं. मुकादमाने तिला यंत्राशेजारी उभं करून दोन महिने दोघांचं काम ताडून बघितलं. ती यंत्राहून सरस ठरली, पण यंत्र चहाला जात नव्हतं. तिला वेळेआधी निवृत्त केलं, एक घड्याळ दिलं, चार जण बोलले.

मग सर गेले. त्यांच्या सूनबाईंनी फोन केला. "कपाटभर डिस्क आहेत हो. टाकवत नाहीत आणि ठेववत नाहीत. तुम्ही बघाल का? तुम्हाला आता वेळ असतो ना?" वेळ असतो ना हे तिला बोचलं, पण ती गेली. रोज सकाळी जायची, एकेक डिस्क लावायची, काय आहे ते कागदावर लिहायची.

पाचव्या दिवशी एक लिफाफा हाती आला. वर काही लिहिलेलं नव्हतं. आत डिस्क आणि एक पत्र. अक्षर बघताच तिने खुर्ची पुढे ओढली.

'सर, त्या संध्याकाळचं माझं रेकॉर्डिंग पाठवते आहे. घड्याळ तपासलं, बरोबर आहे. चार वेळा पाहिलं. सात सव्वीसला माझ्याकडे काहीही नाही. आकाश स्वच्छ होतं. म्हणजे ताईला दिसलं ते चंद्रावरचं नव्हतं, एखादा उपग्रह असणार. सर, हे तिला सांगू नका. तिच्याजवळ आता तेवढंच आहे. मी पुसून टाकलं असं तिला कळवते. राग माझ्यावर राहू दे. हे पाहून झालं की तुम्हीही पुसून टाका.'

सूनबाईंनी चहा आणून ठेवला तो तसाच राहिला. तिने डिस्क लावली. सात पंचवीस. कोर, राखाडी अंधार, कडेला एक बारीक तारा. सात सव्वीस. तिने चित्रं एकेक करून सरकवली, पुढे आणि मागे, जशी आयुष्यभर कापड बघत आली तशी. तिच्या नजरेतून गाठ सुटत नसे. इथे गाठच नव्हती. कापड साफ होतं.

दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये बसली आणि ऐंशी किलोमीटर गेली.

दार धाकटीनेच उघडलं. केस पांढरे झाले होते, हातात लाल पेन, जेवणाच्या टेबलावर तपासायचे नकाशे पसरलेले. ती बाजूला झाली, भिंगबाई आत गेली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि पत्र टेबलावर ठेवलं.

धाकटीने ते उचललंही नाही. "सरांनी ठेवलं तर. मी पुसा म्हटलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"लिहिलंय ना त्यात."

"ते सरांना लिहिलंयस. मला सांग."

धाकटीने पेनाला टोपण लावलं. "लिहिलं तेव्हा ते खरं होतं. मला तुझी दया आली होती. मग मावशीचा फोन आला, की ताई म्हणते तू हेव्याने पुसलंस. मग मामेभावाचा. मग मंडळातलं कोणीतरी आमच्या शाळेत आलं, त्यांनाही ठाऊक. तेव्हा वाटलं होतं, डिस्क घेऊन यावं आणि तुझ्या तोंडावर फेकावी."

"मग फेकायचीस."

"आले असते तर तू रडली असतीस. आणि मला तुला जवळ घ्यावं लागलं असतं. ते मला नको होतं."

भिंगबाईने टेबलावरचं पत्र आपल्याकडे ओढलं.

"तुझा राग मला सोयीचा होता, ताई. राग होता तोवर तू इकडे येणार नव्हतीस. तू आली नाहीस म्हणजे मला तो फोन आठवायला नको." धाकटीचा आवाज शाळेत बोलावा तसा सपाट होता. "थांब म्हणून मी सांगितलं होतं. आई झोपलीच असेल म्हणून मी सांगितलं होतं. विसरलीस?"

"नाही."

"कोणाला बोलली नाहीस तू."

"नाही."

"नऊ वर्षं वाट बघत होते मी. मावशीचा फोन आला की वाटायचं, आता हेही कळलं असणार. पुसल्याचं सगळ्या जगाला सांगितलंस. जे मी केलं नव्हतं ते. आणि जे केलं होतं, ते पोटात ठेवलंस. का?"

"तुला लागू नये म्हणून."

धाकटी हसली, पण ते हसू बघवेना. "बघ. मीपण तेच लिहिलंय त्या कागदात."

आत कुठेतरी पंप चालू झाला, टाकीत पाणी पडू लागलं. भिंगबाईला वाटलं, आता उठून हिच्या डोक्यावरून हात फिरवावा. हात मांडीवरून उचलला गेला नाही. समोर बसलेली बाई तिला ओळखीची वाटत होती, एवढंच.

"मी तिथे रिकामी बसले होते म्हणजे," ती शेवटी म्हणाली. "आई खाली पडली तेव्हा. एका उपग्रहासाठी."

"हो," धाकटी म्हणाली. "आपण दोघी."

धाकटीचा नवरा बाहेरून आला. तिला बघून गोंधळला, मग सावरला. "अरे, ताई! किती वर्षांनी! बसा, आता जेवूनच जा."

"तिची बस आहे," धाकटी म्हणाली आणि पेनाचं टोपण काढलं.

बसला अजून दोन तास होते. ती ते स्टँडवरच्या बाकावर बसून होती.

घरी आल्यावर तिने दोन्ही रेकॉर्डिंगं मंडळाला पाठवली. सरांच्या जागी आता एक तरुण इंजिनियरबाई होती, कामाला चोख. तिचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. 'दोन्ही ठिकाणांची तुलना केली. चमक चंद्रावरील नाही. जुनी नोंद रद्द करत आहे. चिकाटीबद्दल आपल्या दोघींचे आभार.' तिने ते धाकटीला पुढे पाठवलं. धाकटीने वाचल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही, पुढेही नाही. कपाटातलं चित्र तिने फाडलं नाही. कोणत्या घडीत आहे ते ठाऊक असूनही त्या साड्या मात्र ती नेसेनाशी झाली.

गच्चीवर जायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण पुढच्या महिन्यात पोस्टमास्तरने आठवण करून दिली, "बाई, तुम्ही नसाल तर माझं बघणं फुकट हो." ती गेली. दोन तास खुर्चीवर बसली, पडद्याकडे नीटसं बघितलंही नाही. सकाळी त्याचा निरोप आला. 'सात अकराला माझ्याकडे चांगली मोठी दिसते आहे! इतकी मोठी मला कधीच मिळाली नव्हती. तुमच्याकडे आहे का? कृपया लवकर कळवा.'

तिने बघितलं. होती. त्याच क्षणी, त्याच जागी, टपोरी.

तिने उत्तर दिलं नाही. दुपारी त्याने पुन्हा विचारलं. तेव्हाही नाही. दुसरा दिवस तिने धुणं, बाजार, दळण यांत काढला. फोन पिशवीत वाजत होता आणि वाजू देताना तिला जे वाटत होतं ते वाईट नव्हतं. एका शब्दावर एक माणूस अडून बसला आहे आणि तो शब्द आपल्याजवळ आहे. धाकटीने हे नऊ वर्षं चाखलं असेल. पहिल्या दिवशी गोड लागतं, हे तिला समजलं. दुसऱ्या दिवशीही लागतं, हेही समजलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने लिहिलं, 'आहे.'

पोस्टमास्तरचं लांबलचक उत्तर आलं. आनंद, आभार, बायकोला सांगितलं, पेढे पाठवतो, असं बरंच काही. तिने ते अर्धं वाचलं, फोन पालथा ठेवला आणि मोरी घासायला घेतली.